गेम टाइम कोड

गेम टाइम कोड म्हणजे वर्गणी भरून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन बहुखेळाडू खेळात ठरावीक काळाचा प्रवेश मिळवून देणारा, आगाऊ पैसे भरून विकत घेतलेला संकेतांक होय. तो दुकानात मिळणाऱ्या कार्डावर छापलेला असतो किंवा विक्रेत्याकडून ईमेलने अथवा संकेतस्थळावर मिळतो. खेळाडूने हा संकेतांक आपल्या खात्यात नोंदवला की ३० दिवस, ६० दिवस अथवा काही ठिकाणी ठरावीक मिनिटे अशी वेळ खात्यावर जमा होते. बँकेचे कार्ड खेळाच्या कंपनीकडे नोंदवावे न लागणे आणि मुदत संपल्यावर पुढची रक्कम आपोआप कापली न जाणे, ही या पद्धतीची दोन मुख्य वैशिष्ट्ये आहेत.

गेम टाइम कोडमुळे खेळण्याची वेळ ही हातात धरता येणारी, दुसऱ्याला देता येणारी आणि साठवून ठेवता येणारी वस्तू बनली. क्रेडिट कार्ड नसलेल्या कोट्यवधी खेळाडूंना त्यामुळे अशा खेळांत प्रवेश मिळाला. मात्र कोडवर धारकाचे नाव नसते. ज्याच्या हाती संकेतांक, त्याच्या हाती वेळ. त्यामुळे चोरी, फसवणूक आणि अनधिकृत फेरविक्री यांचे प्रश्नही याच गुणातून उभे राहिले.

पार्श्वभूमी

महाबहुखेळाडू ऑनलाइन भूमिकानाट्य खेळांत हजारो खेळाडू एकाच वेळी एकाच आभासी जगात वावरतात. हे जग कंपनीच्या सर्व्हरवर चालते आणि खेळाडू संगणक बंद करून गेला तरी सुरूच राहते. सर्व्हर, इंटरनेट जोडणी, ग्राहक साहाय्य आणि नवी भर यांचा खर्च सातत्याने होत असल्याने खेळाची एकदाच घेतलेली किंमत पुरेशी ठरत नाही. म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दरमहा वर्गणीची पद्धत रूढ झाली. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाची मासिक वर्गणी ९.९५ डॉलर होती. मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'नेही हीच पद्धत स्वीकारली.

ही वर्गणी मुख्यतः क्रेडिट कार्डावरून वसूल होत असे. त्यामुळे कार्ड नसलेले विद्यार्थी, अल्पवयीन मुले आणि कार्डांचा प्रसार न झालेल्या देशांतील खेळाडू या व्यवस्थेबाहेर राहत. परदेशी कंपनीला आपल्या कार्डाचा तपशील देण्यास पालकही नाखूश असत. ही अडचण सोडवण्यासाठी मोबाइलच्या रिचार्ज कूपनासारखी पद्धत खेळांतही आली: आधी रोख पैसे, मग चंदेरी पट्टी खरवडून मिळालेला संकेतांक, मग सेवा.

इतिहास

चीन आणि पूर्व आशिया

आगाऊ भरण्याच्या कार्डांचा मोठ्या प्रमाणावर वापर प्रथम पूर्व आशियात झाला. शांघाय येथील शांडा या कंपनीने २००१ मध्ये 'लेजंड ऑफ मिर २' हा दक्षिण कोरियात तयार झालेला खेळ चीनमध्ये आणला. त्या काळी चीनमध्ये क्रेडिट कार्डे फार थोड्यांकडे होती आणि बहुसंख्य खेळाडू सायबर कॅफेत जाऊन खेळत. शांडाने खेळवेळेची विक्री याच कॅफेंमार्फत केली. कॅफेचालक कंपनीकडून वेळ घेऊन खेळाडूला रोखीने विकत असे. खेळण्याची जागा आणि वेळ विकत घेण्याची जागा एकच झाली. मे २००४ मध्ये शांडाच्या समभागांची अमेरिकेतील नॅस्डॅक बाजारात नोंदणी झाली.

ब्लिझार्ड एंटरटेनमेंटचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००५ मध्ये द नाइन या कंपनीमार्फत चीनमध्ये सुरू झाला, तेव्हा तेथे मासिक वर्गणीऐवजी मिनिटांचे कार्ड विकले गेले. ३० युआनच्या कार्डावर ४,००० मिनिटे म्हणजे ६६ तास ४० मिनिटे खेळता येत असे. २००९ मध्ये या खेळाचे संचालन नेटईज या कंपनीकडे गेले आणि २०१६ मध्ये मिनिटांच्या जागी ७५ युआनची मासिक पद्धत आली.

अमेरिका आणि युरोप

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ उत्तर अमेरिकेत २३ नोव्हेंबर २००४ रोजी प्रकाशित झाला. त्याची मासिक वर्गणी १४.९९ डॉलर ठेवण्यात आली. त्यासोबतच ६० दिवसांचे आगाऊ कार्ड २९.९९ डॉलरला दुकानांतून विकले जाऊ लागले. ऑक्टोबर २०१० मध्ये या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. वर्गणीदार कोणाला म्हणावे याची कंपनीने केलेली व्याख्या लक्षणीय आहे. मासिक वर्गणी भरणाऱ्यांसोबतच चालू मुदतीचे आगाऊ कार्ड असलेले खेळाडू आणि मागील ३० दिवसांत सायबर कॅफेतून खेळलेले खेळाडूही तिच्यात मोजले जात.

स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा 'फायनल फँटसी १४' हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाला. त्यासाठीही ६० दिवसांची टाइम कार्डे मिळतात. आइसलँडमधील सीसीपी गेम्स कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' (मे २००३) आणि इंग्लंडमधील जॅजेक्स कंपनीचा 'रूनस्केप' (जानेवारी २००१) या खेळांनी वेळेचे कोड खेळातील बाजारपेठेशी जोडले. त्याची माहिती पुढे दिली आहे.

स्वरूप आणि रचना

गेम टाइम कोड हा सामान्यतः इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची सरमिसळ असलेला, वाचायला सोपे जावे म्हणून आडव्या रेघांनी गटांत विभागलेला असतो. प्रत्येक कोड एकदाच वापरता येतो. कंपनीच्या विदागारात त्याची नोंद असते आणि वापर होताच त्याच्यासमोर खात्याचे नाव व वेळ नोंदली जाते.

कोडची सुरक्षितता त्याच्या लांबीवर आणि यादृच्छिकतेवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, २६ अक्षरे आणि १० अंक यांतून एकमेकांसारखी दिसणारी चार चिन्हे (ओ व शून्य, आय व एक) वगळली तर ३२ चिन्हे उरतात. अशा ३२ चिन्हांचा १६ स्थानांचा कोड घेतल्यास एकूण शक्यता २ चा ८० वा घात, म्हणजे १ च्या पुढे २४ शून्ये लिहिल्यावर येणाऱ्या संख्येहून अधिक होतात. त्यांपैकी एक कोटी कोड बाजारात असले, तरी अंदाजाने एखादा बरोबर कोड सापडण्याची शक्यता नगण्य राहते. शिवाय ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खात्यावरील नोंदणी काही काळ थांबवली जाते. म्हणूनच 'फुकट कोड तयार करून देणारे' म्हणून जाहिरात होणारे प्रोग्राम खरे असू शकत नाहीत. त्यांचा उद्देश बहुधा खेळाडूचा पासवर्ड मिळवणे किंवा संगणकात घातक प्रणाली शिरवणे हा असतो.

दुकानातील अनेक कार्डे फडताळावर असताना निष्क्रिय असतात. गल्ल्यावर पैसे भरून कार्ड स्कॅन केल्यावरच त्यावरील संकेतांक सक्रिय होतो. त्यामुळे दुकानातून उचलून नेलेल्या कार्डाचा चोराला उपयोग होत नाही. कार्ड सक्रिय करायचे राहून गेल्यास मात्र प्रामाणिक ग्राहकाचाही कोड चालत नाही; अशा वेळी खरेदीची पावती हाच मुख्य पुरावा ठरतो.

वापरण्याची पद्धत

कंपनीपरत्वे तपशील बदलत असले तरी कोड वापरण्याचे टप्पे साधारणपणे सारखे असतात.

१. खेळाडू कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा खेळाच्या लाँचरमध्ये आपल्या खात्यात प्रवेश करतो.

२. खाते व्यवस्थापनातील कोड नोंदवण्याचा विभाग उघडतो.

३. संकेतांक टाइप करतो. कोड खेळातील गप्पांच्या चौकटीत किंवा अन्य कोणत्याही संकेतस्थळावर टाकायचा नसतो.

४. एका खात्याखाली एकाहून अधिक खेळ किंवा परवाने असल्यास वेळ कोणत्या परवान्यावर जमा करायची ते निवडतो. ही निवड सहसा नंतर बदलता येत नाही.

५. पडद्यावर दिसणारी नवी अंतिम तारीख तपासतो.

कोड नाकारला जाण्याची चार कारणे विशेष आढळतात. पहिले, प्रदेशाचे बंधन: अमेरिकेतील खात्यांसाठीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा वेळ-कोड युरोपातील खात्यावर चालत नाही, 'फायनल फँटसी १४'ची कार्डेही प्रदेशानुसार वेगळी असतात. दुसरे, कोडचा प्रकार: खेळ विकत घेण्याचा कोड आणि वेळ वाढवण्याचा कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोफत चाचणी खात्यावर केवळ वेळ जमा केल्याने संपूर्ण खेळ मिळतोच असे नाही. तिसरे, कोड आधीच वापरला गेलेला असणे. चौथे, टाइप करताना झालेली चूक.

कालगणना

जमा झालेली वेळ मोजण्याच्या दोन पद्धती आहेत.

दिनदर्शिकेनुसार मोजणी: ६० दिवसांचा कोड नोंदवल्यावर, खेळाडू खेळो अथवा न खेळो, ६० दिवसांनी मुदत संपते. आधीची मुदत शिल्लक असताना नवा कोड नोंदवल्यास नवे दिवस शिल्लक दिवसांच्या पुढे जोडले जातात. त्यामुळे मुदत संपण्यापूर्वी कोड भरल्याने दिवस वाया जात नाहीत. मात्र न नोंदवलेल्या कोडची वेळ सुरू होत नसल्याने परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या काळात कोड जवळ ठेवून नंतर वापरणे अधिक सोयीचे ठरते.

प्रत्यक्ष वापरानुसार मोजणी: चीनमधील मिनिटांच्या कार्डात खेळाडू खेळात असतानाच मिनिटे कमी होत. ही पद्धत कमी खेळणाऱ्याच्या फायद्याची होती. रोज दोन तास खेळणाऱ्याला ३० दिवसांत ३,६०० मिनिटे लागत, म्हणजे ३० युआनचे एक कार्ड पुरून उरे. रोज सहा तास खेळणाऱ्याला मात्र १०,८०० मिनिटे, म्हणजे सुमारे ८१ युआन लागत. मासिक पद्धतीत दोघांनाही सारखीच रक्कम भरावी लागते. दिवसांच्या मोजणीत 'पैसे भरलेच आहेत तर खेळून घ्यावे' अशी ओढ खेळाडूला लागू शकते, तर मिनिटांच्या मोजणीत प्रत्येक मिनिटाची किंमत डोळ्यांसमोर राहते.

स्वयंचलित वर्गणीशी तुलना

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या अमेरिकेतील प्रचलित दरांवरून दोन्ही पद्धतींतील फरक स्पष्ट होतो. ६० दिवसांच्या कार्डाची किंमत (२९.९९ डॉलर) आणि दोन महिन्यांची मासिक वर्गणी (२९.९८ डॉलर) जवळजवळ सारखी आहे. मात्र सहा महिन्यांची रक्कम एकदम भरल्यास महिन्याला १२.९९ डॉलर, म्हणजे एकूण ७७.९४ डॉलर पडतात. तेवढ्याच काळासाठी तीन कार्डे घेतल्यास ८९.९७ डॉलर होतात. सुमारे १२ डॉलरचा हा फरक म्हणजे बांधून न घेण्याची किंमत होय.

स्वयंचलित वर्गणीत खेळणे थांबवले तरी ती रद्द करेपर्यंत रक्कम कापली जात राहते. कोडच्या बाबतीत विसरण्याचा परिणाम उलटा असतो: खेळाडू विसरला तर खेळ थांबतो, खर्च नव्हे. पाल्याच्या खेळण्यावर आणि खर्चावर मर्यादा ठेवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी हा गुण उपयुक्त मानला जातो.

कंपनीच्या दृष्टीने कोडचे पैसे आधी येतात आणि सेवा नंतर द्यावी लागते. म्हणून लेखाकर्मात ही रक्कम लगेच उत्पन्न मानली जात नाही. सेवा दिली जाईल तसतशी ती उत्पन्नात वर्ग होते. काही कार्डे हरवतात किंवा कधीच वापरली जात नाहीत. अशा न वापरलेल्या कार्डांचा लाभ शेवटी विक्रेत्याकडे राहतो.

खेळांतर्गत देवघेव

वेळेचा कोड दुसऱ्याला देता येत असल्याने खेळाडूंनी त्याची खेळातील चलनाशी अदलाबदल सुरू केली. ज्याच्याकडे पैसे आहेत पण फुरसत नाही, तो कोड विकत घेऊन देई. ज्याच्याकडे फुरसत आहे पण पैसे नाहीत, तो खेळात कमावलेले सोने मोबदल्यात देई. दोन अनोळखी माणसांतील या व्यवहारात कोड आधी द्यायचा की सोने आधी, हा विश्वासाचा प्रश्न होता आणि त्यात फसवणूक होत असे. दुसरीकडे खेळातील सोने खऱ्या पैशांना विकणारा अनधिकृत धंदाही वाढला होता. चीनमधील एका श्रमछावणीत कैद्यांना असे सोने कमावण्यासाठी सक्तीने खेळावे लागल्याचे वृत्त 'द गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने मे २०११ मध्ये दिले होते.

या दोन्हींवर उपाय म्हणून काही कंपन्यांनी वेळेचा कोड खेळातील अधिकृत वस्तूत रूपांतरित केला.

ईव्ह ऑनलाइन: सीसीपी गेम्सने नोव्हेंबर २००८ मध्ये 'प्लेक्स' ही वस्तू आणली. ६० दिवसांच्या एका वेळ-कोडचे ३० दिवसांच्या दोन प्लेक्समध्ये रूपांतर होई आणि ती खेळातील बाजारात 'आयएसके' या आभासी चलनात विकता येई. २०१० मध्ये प्लेक्स जहाजातून वाहून नेण्याची मुभा मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ७४ प्लेक्स घेऊन जाणारे एक लहान जहाज दुसऱ्या खेळाडूंनी नष्ट केले. त्यात सुमारे १,३०० डॉलर किमतीची, म्हणजे २,२२० दिवसांची किंवा सहा वर्षांहून अधिक काळाची वर्गणी एका क्षणात नाहीशी झाली. जानेवारी २०१४ मधील 'बी-आर५आरबी' या प्रसिद्ध लढाईतील नुकसान सुमारे ३ लाख डॉलर असल्याचे जे सांगितले गेले, तो हिशोबही प्लेक्सच्या दरावरून केलेला होता. २०१७ मध्ये एका जुन्या प्लेक्सचे ५०० छोट्या एककांत विभाजन करण्यात आले.

रूनस्केप: जॅजेक्सने सप्टेंबर २०१३ मध्ये 'बाँड' आणला. एका बाँडवर १४ दिवसांचे सदस्यत्व मिळत असे. पुढे 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या आवृत्तीतही बाँड आले. व्हेनेझुएलातील आर्थिक संकटाच्या काळात तेथील अनेकांनी याच खेळात सोने कमावून आणि ते विकून उदरनिर्वाह केला. मात्र खेळातील सोने बाहेर विकण्यास खेळाच्या नियमांनी मनाई आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट: ब्लिझार्डने एप्रिल २०१५ मध्ये अमेरिका विभागात 'वॉव टोकन' सुरू केले. २० डॉलरला घेतलेले टोकन खेळातील लिलावघरात सोन्याच्या मोबदल्यात विकता येते आणि घेणाऱ्याला त्यातून ३० दिवसांची वेळ मिळते. आरंभीचा दर ३०,००० सुवर्णनाणी होता. हा दर विक्रेता ठरवत नाही. मागणी व पुरवठा पाहून कंपनीची प्रणाली तो बदलत राहते. टोकन एकदाच विकता येते, घेणाऱ्याला ते पुन्हा विकता येत नाही. त्यामुळे साठेबाजीला आळा बसतो. २०१७ पासून टोकनचे रूपांतर कंपनीच्या खात्यातील शिलकीतही करता येते.

या पद्धतीत प्रत्येक महिन्याचे पैसे कोणीतरी खरोखर भरलेले असतात. 'फुकट' खेळणाऱ्याची वर्गणी दुसरा खेळाडू भरतो. पैशाने खेळातील संपत्ती मिळवता येणे हे खेळाच्या समतेला बाधक आहे, असा आक्षेप घेतला जातो. अनधिकृत बाजारापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे, असे समर्थक म्हणतात.

गैरप्रकार आणि सुरक्षितता

चोरीच्या कार्डांवरील खरेदी: चोरलेल्या क्रेडिट कार्डाच्या तपशिलावर कोड घेऊन ते स्वस्तात विकणे हा एक प्रचलित गैरप्रकार आहे. मूळ कार्डधारकाने तक्रार केल्यावर बँक रक्कम परत घेते आणि कंपनी कोड रद्द करते. त्या वेळी तो वापरलेला खेळाडू निर्दोष असला तरी त्याची वेळ काढून घेतली जाते किंवा खाते गोठवले जाते. म्हणून कंपन्या केवळ अधिकृत विक्रेत्यांकडूनच कोड घेण्यास सांगतात. छापील किमतीपेक्षा फार स्वस्त असलेला कोड संशयास्पद समजला जातो.

कार्डाशी छेडछाड: दुकानातील कार्डाची पट्टी खरवडून संकेतांक टिपून घेणे आणि वर नवी पट्टी चिकटवणे, असाही प्रकार आढळतो. ग्राहकाने कार्ड सक्रिय करताच चोर कोड वापरतो.

तोतयेगिरी: सरकारी अधिकारी, बँक कर्मचारी किंवा ओळखीचा मित्र असल्याचे भासवून कार्डे विकत घ्यायला लावणे आणि त्यांवरील संकेतांक दूरध्वनीवर सांगायला लावणे, ही पद्धत जगभर आढळते. कोडवर नाव नसल्याने आणि तो तत्काळ वापरता येत असल्याने भामट्यांना तो सोयीचा वाटतो. कोणतेही शासकीय कार्यालय कर, दंड किंवा शुल्क अशा कार्डांच्या रूपाने स्वीकारत नाही.

खातेचोरी: खात्यात मोठी शिल्लक असल्यास खातेच लक्ष्य होते. यावर उपाय म्हणून दुहेरी पडताळणी वापरली जाते. ब्लिझार्डने २००८ मध्ये यासाठी किल्लीच्या जुडग्याला अडकवता येणारे छोटे उपकरण विक्रीस आणले होते.

कोड वापरून झाल्यावरही कार्ड आणि पावती काही काळ जपून ठेवणे उपयुक्त असते, कारण खात्याच्या मालकीविषयी वाद झाल्यास त्या पुराव्याचा आधार घेता येतो.

सेवा बंद पडल्यास

आगाऊ घेतलेल्या वेळेचे मूल्य खेळ चालू असेपर्यंतच असते. कोड घेणारा खेळाचा किंवा त्यातील पात्राचा मालक होत नाही. त्याला मर्यादित काळाचा वापरपरवाना मिळतो. 'वाइल्डस्टार' या २०१४ मध्ये सुरू झालेल्या खेळात ३० दिवसांच्या वेळेची देवघेव करण्याची सोय होती. तो खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाला.

चीनमध्ये ब्लिझार्ड आणि नेटईज यांच्यातील करार संपल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सह अनेक खेळ बंद झाले. खेळाडूंच्या खात्यांत न वापरलेली वेळ आणि रक्कम शिल्लक असल्याने परताव्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली आणि तिच्यासाठी मोठी ऑनलाइन रांग लागली. २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांत नवा करार होऊन सेवा पुन्हा सुरू झाली. एकाच वेळी अनेक महिन्यांचे कोड साठवण्यातील जोखीम या घटनेने दाखवून दिली.

मुदतीबाबत देशोदेशी वेगळे नियम आहेत. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्डविषयक कायद्याने भेटकार्डातील रकमेला किमान पाच वर्षांची मुदत बंधनकारक केली.

भारतातील स्थिती

भारतात मोबाइलच्या रिचार्ज कूपनामुळे आगाऊ भरण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. परदेशी ऑनलाइन खेळांच्या वर्गणीबाबत कोडचे महत्त्व वाढण्यास भारतीय रिझर्व्ह बँकेचे दोन निर्णय विशेष कारणीभूत ठरले. ऑक्टोबर २०२० पासून नव्याने दिल्या जाणाऱ्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सुविधा ग्राहकाने मागितल्याशिवाय सुरू केली जात नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती वसुलीसाठी ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना बंधनकारक झाली. पडताळणीविना आपोआप कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा त्या वेळी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. ग्राहकाचे संरक्षण हा या नियमांचा हेतू होता. मात्र ज्या परदेशी कंपन्यांनी ही व्यवस्था स्वीकारली नव्हती, त्यांची स्वयंचलित वर्गणी भारतीय कार्डांवर नाकारली जाऊ लागली. भारतीय विक्रेत्याकडून यूपीआयने एकदाच पैसे भरून घेतलेल्या कोडला ही अडचण येत नाही.

केवळ देणाऱ्या कंपनीच्याच वस्तू वा सेवांसाठी वापरता येणाऱ्या आणि रोख रकमेत न बदलता येणाऱ्या आगाऊ साधनांना 'बंदिस्त' साधने म्हणतात. ती देण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. त्यामुळे परवानाधारक वॉलेटमधील शिलकीला मिळणारे नियामक संरक्षण अशा कोडला आपोआप मिळत नाही.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बक्षिसाच्या आशेने लावलेली रक्कम आणि खेळात प्रवेशासाठी भरलेली वर्गणी यांत हा कायदा भेद करतो. पणाचे स्वरूप नसलेली वर्गणी घेण्यास त्यात मुभा आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. न चालणाऱ्या कोडविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि आर्थिक फसवणुकीविषयी राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर (१९३०) तक्रार करता येते. फसवणुकीच्या तक्रारीत वेळेला विशेष महत्त्व असते, कारण कोड एकदा वापरला गेला की गेलेली रक्कम परत मिळवणे अवघड होते.

हेही पहा

महाबहुखेळाडू ऑनलाइन भूमिकानाट्य खेळ
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट
ईव्ह ऑनलाइन
आभासी चलन
भेटकार्ड
सायबर गुन्हे